दोरेकाकूंचं पिंप

हार दिसला की दोरेकाकूंची बोटं आधी त्याची गाठ शोधत. मग तो देवाचा असो, सत्काराचा असो, नाहीतर कुणाच्या नव्या स्कूटरला घातलेला असो. "वाळला की मला द्या हं," असं ताज्या हाराकडे बघतच सांगून ठेवत. फणसवाडीतल्या आमच्या चाळीत त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीपुरतंच उरलं होतं.

चौकाच्या कोपऱ्यात त्यांचं भोकं पाडलेलं निळं पिंप होतं. चाळीतलं निर्माल्य समुद्रात न जाता त्यात जायचं. ऑफिसातून आल्या की काकू पायरीवर बसून एकेका हारातला दोरा ओढून काढत, फुलं पिंपात टाकत, वर सुका पाला पसरत. तयार झालेलं खत घरोघरच्या कुंड्यांना. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत, माझा अनंत त्याच खतावर फुलायचा. कुणी प्लास्टिकची फुलं टाकली की मात्र वैतागत. "देवाला खोटी फुलं वाहता, मग त्यानं तरी खरं का पावावं?"

त्या कोपऱ्यावर सेक्रेटरी सावंतांचा डोळा होता. त्यांना तिथे स्कूटर लावायला जागा हवी होती. काकूंनी भर मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "ज्या दिवशी वास येईल, त्या दिवशी पिंप उचला. मी तोंड उघडणार नाही." वास कधी आला नाही.

मग एका वर्षी ऐन गणपतीत काकू तापाने आडव्या पडल्या. चाळीने ठरवलं, त्यांचं काम अडू द्यायचं नाही. सगळ्यांनी अगदी प्रेमाने पिंप भरलं. हार दोऱ्यांसकट, शिवाय आंबलेले मोदक, पंचामृत, उरलेली ऋषीची भाजीसुद्धा. देवापुढचं कचऱ्यात कसं टाकायचं? विसर्जनाच्या आधीच चौकात उभं राहवेना.

सावंत कानकोंडे होऊन काकूंच्या दारात आले. "काकू, लोकांनी चांगल्या मनानं केलं हो. पण वास..."

"बोलले होते ना मी? उचला."

मी भांडायला उठले, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे गं. कचऱ्यानं मी कधी दमले नाही. समजावून समजावून दमले."

पिंप गेलं, तिथे स्कूटर आल्या. त्यानंतर काकू चौकात फारशा उतरल्या नाहीत, आणि पुढच्या श्रावणाआधी गेल्याच. इतक्या सहज का सोडलंत, म्हणून मला अजून त्यांचा राग येतो.

चौदाव्या दिवशी त्यांचा मुलगा फोटोवरचा वाळलेला हार कचऱ्याच्या पिशवीत कोंबत होता. "थांब रे," म्हणून मी तो घेतला. गॅलरीत बसून दोरा काढला, फुलं तळाला भोकं पडलेल्या जुन्या बादलीत घातली, वर पाला पसरला. तो हार तसाच जाऊ देणं जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघाले तर दाराच्या कडीला निर्माल्याची पिशवी लटकत होती. वरच्या मजल्यावरून सावंत ओरडले, "तुम्ही बादली ठेवलीय म्हणे!"

पिशवी उघडली. हारात दोरा तसाच. मी पर्स खाली ठेवली आणि गाठ शोधू लागले.