आधी कोण बोललं?

कायद्याच्या कॉलेजात सगळे त्यांना 'हक्कबाई' म्हणत. कॉपीराइट, पेटंट, ट्रेडमार्क शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली. दर वर्षी पहिल्याच तासाला त्या ठणकावून सांगत, "कल्पना कुणाच्याच मालकीची नसते. ती ज्या शब्दांत मांडली, ते शब्द मालकीचे असतात."

त्यांचं नाव झालं ते एका पुस्तकामुळे. विणकरांची पिढीजात नक्षी कुणा एकाची नाही, सगळ्या वस्तीची. आणि वस्ती ती विणते आहे तोवरच तिचा हक्क, असं त्यांनी त्यात मांडलं होतं. त्यावर प्रबंध झाले, एका न्यायाधीशांनी निकालात त्याचा आधार घेतला, बाई विभागप्रमुख झाल्या.

निवृत्तीच्या समारंभात त्यांचे जुने सहकारी, दाढीवाले सर, बोलायला उभे राहिले. "वापर थांबला की हक्क संपला, हे मी कॅन्टीनमध्ये सहज बोलून गेलो होतो," ते कौतुकानेच म्हणाले. "बाईंनी त्याचं सोनं केलं!"

टाळ्या पडल्या. बाई मात्र गुच्छ सांभाळत आठवू लागल्या. हे कधी झालं?

घरी नवऱ्याला विचारलं. "मला तू सांगितलंस, भाजी निवडताना," तो म्हणाला. "तुला कुणी सांगितलं, ते मी कसं सांगू?"

सकाळी बाईंनी सरांचं घर गाठलं. "सर, नक्की तुम्हीच म्हणाला होतात?"

"काल अगदी नक्की होतं गं. आता तू विचारतेस, तर वाटतं, तू बोललीस आणि मी मान डोलावली."

"नव्या आवृत्तीत तुमचं नाव घालते."

"नको बाई! मग लोक शंका मला विचारतील."

कायद्याने प्रश्नच नव्हता. तरी मन खात होतं. चोरी म्हणावी, तर मालकच हात झटकतोय. आपलं म्हणावं, तर जीभ रेटेना. शेवटी त्यांनी प्रस्तावनेत लिहिलं, 'हा विचार दोघांच्या गप्पांत निघाला. आधी कोण बोललं, ते आता आठवत नाही.' आणि मजकूर सरांना पाठवला.

सरांचा लगेच फोन. "छान लिहिलंयस. पण दोघांच्या कशावरून? त्या टेबलावर तिसरंही कुणीतरी होतं."

"कोण?"

"तेच तर आठवत नाहीये."

बाईंनी पुन्हा पेन उचललं. 'दोघांच्या' खोडून 'आमच्या' केलं, आणि मजकूर छापायला धाडून दिला.