परीक्षा नव्हती ती

आमच्या गावच्या शाळेतून शेजारच्या वहिनींच्या पोरीला दुपारी घरी पाठवून देत. पोरगी वयानं वाढली, समज लहान लेकराची राहिली. गाडीचा आवाज आला की ती वर्ग सोडून गाडीमागं धावते. हेडमास्तर म्हणायचे, "रोडवर गेली तर जबाबदारी कोणाची? दिव्यांग प्रमाणपत्र आणा. मग विशेष शिक्षक येतील, सांभाळायला माणूस मिळेल."

मी भांडले. माझ्या घरात भाकरीआधी पत्रकं असायची. मोर्चाच्या आदल्या दिवशी वडील घड्या घालायचे, मी गठ्ठे बांधायची. हक्क मागताना मान खाली घालायची नाही, हे मी मुळाक्षरांबरोबरच वाचलं. हेडमास्तरांना मी कायद्याचं कलम ऐकवलं. ते हसले. "ताई, तुमचं कलम रोडवर उभं राहणार हाय का?"

म्हणून तपासणीच्या शिबिराला निघालो. गोरेगावात जीप धरली. पोरीला नवा फ्रॉक, डोक्याला चापून तेल, दोन वेण्या. ड्रायव्हर म्हणाला, "काय वहिनी, सोयरीक जमवायला निघाल्या का?"

"तुज्या पोराला देत न्हाई, गाडी चालव," वहिनी म्हणाल्या. सगळी जीप हसली.

डॉक्टरांनी पोरीला नाव विचारलं. ती ताठ उभी राहिली, हात मागे. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. मग कुणी न विचारता एक ते वीस. शेवटी खणखणीत "जय भीम!" डॉक्टरही हसले. "हुशार आहे की!" त्यांनी पुढं फारसं विचारलंच नाही. मागं रांग होती.

दिव्यांगत्वाचे टक्के चाळीसच्या खाली आले. म्हणजे मदत नाही.

बाहेर वहिनींचा चेहरा उजळला होता. "कशी बोलली! महिनाभर रोज घोकून घेतलं. रात्री झोपेत सुदिक म्हणायची. पास झाली नं?"

शिकून पुढं गेलेल्यांच्या तसबिरी भिंतीवर लावणारं आमचं घर अन् त्यांचंही. साहेबासमोर लेकरू उभं करायचं म्हणजे ते पास व्हायलाच पाहिजे, याशिवाय दुसरं काही त्यांच्या मनात येणंच शक्य नव्हतं. ते वीस आकडे पोरीला गाण्यासारखे पाठ होते. दोन बिस्किटं दे म्हटलं तर ती मूठभर द्यायची.

मी समजावून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे पोरीनं नापास व्हायचं अन् आपण पेढे वाटायचे?"

"वहिनी, ती परीक्षा न्हाई. तिला काय जमत न्हाई ते खरं सांगायचंय, एवढंच."

"तिच्या समोर?"

तिला बाहेर बसवता येत नव्हतं. तपासणी तिचीच होती.

फेरतपासणीचा अर्ज दिला. काही महिन्यांनी बोलावणं आलं. जीपमध्ये वहिनी कुणाशी बोलल्या नाहीत. पोरगी मात्र खुशीत होती. तिला ती खोली आठवत होती. आत गेल्या गेल्या ताठ उभी राहिली, हात मागे, आणि डॉक्टरांकडे बघून सुरू झाली, "एक, दोन, तीन..."

वहिनींनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

पोरीला खेळ वाटला. पुढचे आकडे ती हसत हसत आईच्या तळव्यात म्हणत राहिली. वहिनींनी हात काढला नाही. डॉक्टरांकडे बघत एका दमात सांगितलं, "बटनं लागत न्हाईत. बाहेरला जायचं कळत न्हाई. आग कळत न्हाई, गाडी कळत न्हाई. ते आकडे म्या घोकून घेतलेत, साहेब. तिला काय बी येत न्हाई."

तळव्याखालचा आवाज थांबला.

यात एक शब्द खोटा नव्हता. डॉक्टरांनी या वेळी वेळ दिला, नीट तपासलं. तरी ते वाक्य मला अवेळी ऐकू येतं. भाजी निवडताना, सभेत दुसरं कुणी बोलत असताना. हक्काचं असेल ते मिळवायला आईला आपल्या लेकराच्या तोंडावर हात ठेवावा लागतो, असं कोणत्याच पत्रकावर छापलेलं नव्हतं. ही व्यवस्था ज्यांनी लिहिली, त्यांनी एकदा त्या खोलीत त्या पोरीच्या उंचीवर उभं राहून दाखवावं.

प्रमाणपत्र मिळालं. पोरगी आता शाळा सुटेपर्यंत थांबते. विशेष शिक्षिका ठरलेल्या दिवशी येतात, चांगल्या आहेत, चिडत नाहीत. पोरीपुढं चिंचोके मांडतात आणि एकेक उचलायला लावतात. ती "एक" म्हणते, "दोन" म्हणते, "तीन" म्हणते. मग आपलाच हात आपल्या तोंडावर ठेवते आणि वर बघत राहते.

"जाईल हळूहळू," शिक्षिका म्हणतात.

परवा वहिनी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. "ताई, तुमी एवढं वाचता. ही सवय कशी मोडायची?"

पोरगी शेजारीच होती. वहिनींनी तिचा हात धरून हळूच खाली घेतला. तिनं दुसरा हात वर नेला.