लालबागच्या पुलावर गाडीचा दम गेला

"काका, रिक्षावाल्याने ओव्हरटेक केलं तरी चाललं असतं, पण इथे रिक्षाच येत नाहीत! टेम्पोने केलं, टेम्पोने! वर पाण्याचे कॅन भरलेले!"

सचिन परब गाडीतून उतरला तो बोंबलतच. सकाळचे अकरा वाजले होते. परळच्या गल्लीतल्या माझ्या गॅरेजसमोर त्याची टर्बो डिझेल कशीबशी लागली होती. लालबागचा पूल चढताना अचानक दम गेला, अ‍ॅक्सिलरेटर तळाला लावला तरी गाडी ढिम्म, मागे काळा धूर. परब माझं जुनं गिऱ्हाईक. गाडीवर त्याचा इतका जीव की लग्नात बायकोच्या आधी गाडीचा फोटो काढला होता.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरणारा एक पंखा. तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, डिझेल जास्त, ताकद जास्त. परबने वर आणखी ट्यूनिंग करून घेतलं होतं. म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून कंपनीने दिली त्यापेक्षा जास्त ताकद काढायची. हे काम वडाळ्याचा निनाद करतो. वय तिशीच्या आत. एक भाड्याचा गाळा, एक लॅपटॉप, तोंडात कमी शब्द.

मी स्कॅनर लावला. स्कॅनर गाडीच्या कॉम्प्युटरला विचारतो, बाबा रे, दुखतंय कुठे? उत्तरादाखल एक कोड आला, बूस्ट कमी. म्हणजे दाबलेली हवा इंजिनापर्यंत पुरेशी पोचत नाही. का पोचत नाही, ते स्कॅनर सांगत नाही. ते मी सांगितलं. बोनेटही न उघडता.

"ट्यूनिंग. टर्बोच्या जिवावर उठलाय तुझा निनाद."

आमच्यासारख्या जुन्या मेकॅनिकना लॅपटॉपवाल्यांबद्दल एक गोड आकस असतो. माझ्यात तो जरा जास्त गोड आहे. पण परबने मान डोलवता डोलवता माझं वाक्य गाडीप्रेमींच्या ग्रुपवर टाकलं, माझ्या नावासकट. दोनेकशे मेंबर, आणि निनादची बहुतेक गिऱ्हाइकं त्यातलीच.

पाऊण तासात निनाद स्कूटरवरून आला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"काका, उद्याच्या दोन गाड्या कॅन्सल झाल्या. नवीन गाळा आहे माझा. असं नाव गेलं तर मी बंदच करायचं ना?"

"अरे, पण कोड बघ ना..."

"बघतो. आधी कंपनीची मूळ फाइल टाकतो. मग तुम्हीच चालवा."

मूळ फाइल पडली. मी हिंदमातापर्यंत फेरी मारून आलो. गाडी तशीच. पाण्याच्या टेम्पोने मलाही मागे टाकलं असतं.

"मग?" परब म्हणाला.

"मग लीक असणार," मी म्हणालो. तज्ज्ञ माणसाला दुसरं मत लगेच सुचतं.

पाइपात हवा भरून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. एक बुडबुडा नाही. टर्बोचा पंखा बोटाने फिरवला. झकास फिरला. निनाद तेवढ्या वेळात दोन ठिकाणी प्रेशर मोजत होता. टर्बोमधून निघालेली हवा आधी इंटरकूलरमध्ये जाते. इंटरकूलर म्हणजे गरम हवा थंड करणारी जाळी, रेडिएटरची धाकटी बहीण. तिथून हवा इंजिनात.

"जाळीच्या आधी प्रेशर भरपूर, जाळीनंतर नाहीच," तो म्हणाला. "गळत तर नाही. म्हणजे आत काहीतरी अडकलंय."

बंपर काढायला घेतला. दोघं चहाला गेले. मी इंटरकूलरच्या तोंडावरचा रबरी होस सोडवला, आत बोट घातलं आणि बोटाला काहीतरी मऊ लागलं. ओढून काढलं. तेलाने काळा झालेला, मेलेल्या उंदराएवढा वेस्टचा बोळा.

वेस्ट म्हणजे गिरणीत उरलेल्या सुताचा गुंता. हात पुसायला याच्यासारखं दुसरं काही नाही. माझे बाबा गिरणीत फिटर होते. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही, पण बाबांच्या सवयी आमच्या घरात तिन्ही पाळ्यांत चालू राहिल्या. त्यातली एक, उघड्या पाइपात कचरा जाऊ नये म्हणून तोंडाला वेस्ट कोंबायचं. दुसरे लोक टोपण लावतात. आम्ही गिरणगावातले, आम्ही वेस्ट लावतो. फक्त बाबा बजावायचे, "शेपूट भायर ठेव, नायतर आतलां आतच रवता." म्हणजे सुताचं एक टोक लोंबतं ठेवायचं, डोळ्याला दिसेल असं.

हा होस तीन आठवड्यांपूर्वी मीच बदलला होता. शेपूट ठेवलं नव्हतं. बोळा तेल पीत खाली पडून राहिला आणि पुलावर परबने पाय दाबल्यावर जाळीवर जाऊन बसला.

मी बोळा पँटच्या खिशात घातला. का, ते विचारू नका. विचार न करताच घातला. साधारण मिनिटभर मी एका नवीन सिद्धांतावर काम करत होतो, काहीतरी पक्ष्याच्या घरट्याबद्दल. तेवढ्यात मांडीला तेल लागलं.

"मिळालं?" निनाद कटिंग हातात घेऊन उभा.

"मिळालं," मी म्हणालो आणि खिसा उलटा केला.

परब हसत सुटला. निनाद हसला नाही. "ग्रुपवर तुम्ही लिहा, काका. तुमच्या नावाने पसरलंय."

जेवायला घरी गेलो आणि लिहायला बसलो. सुरेखाने, म्हणजे बायकोने, वाढता वाढता फोन घेऊन वाचलं. "'पूर्वीच्या कामाच्या वेळी काही बाह्य वस्तू कदाचित आत राहून गेली असावी.' अहो, बाह्य वस्तू म्हणजे काय?"

"वेस्ट."

"राहिलं कोणाच्या हातून?"

"माझ्या."

"मग तसं लिहा ना. आणि 'कदाचित' कशाला? पँट मला धुवायचीय, कदाचित नाही."

तिने एकेक शब्द उडवत माझा परिच्छेद दोन ओळींवर आणला: होस बदलताना वेस्टचा बोळा मी आत विसरलो. निनादच्या ट्यूनिंगमध्ये काही दोष नाही, चूक माझी.

हसऱ्या तोंडांचा पाऊस पडला. एकाने विचारलं, काका, माझ्या गाडीत तुमचा डबा तर नाही ना राहिला? परब आजही माझ्याकडेच येतो, पण मी बोनेट लावायला गेलो की हात धरून विचारतो, "सगळं बाहेर आलं ना?"

निनादची दोनपैकी एक गाडी त्याच आठवड्यात परत आली. दुसरी आली नाही. त्या माणसाने माझा मेसेज वाचलाच नाही, की वाचून सोडून दिला, कोण जाणे. मी निनादला एकदा विचारलं, तर म्हणाला, "जाऊ दे, काका."

आता कोड दिसला की मी आधी बंपर काढतो. बोलायचं ते नंतर.