मयताच्या रकान्यात दाजी

माझ्या थोरल्या बहिणीला सरकारनं फसवलं आणि त्या कामी सरकारचा दलाल मी होतो.

दलाली हा माझा धंदाच. बापाकडून मला काही मिळालं नाही. म्हसवडच्या जत्रेत बैलांचे सौदे जुळवत मी उभा राहिलो. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबून भाव सांगायचा आणि तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या. इसाराचे आगाऊ पैसे हातात पडले की सौदा संपला. मग बैल लंगडा निघो की मारका, पुन्हा विचारायचं नाही. हा नियम मी कधी मोडला नाही. तोच मला नडला.

आक्का कडेगावजवळच्या एका गावात दिलेली. दाजी फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर कुवेतला ट्रक चालवायला गेले. इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, तेव्हा तिथली आपली माणसं जॉर्डनमार्गे विमानानं परत आली. दाजींच्या खोलीत राहणारा, आक्काच्याच गावचा गडी आला. दाजी आले नाहीत.

आक्काच्या घरी पुढच्या सोप्यात बसून तो सांगत होता, "वैनी, चौकीवर आडवलं आमास्नी. मला सोडलं. दादाच्या खिशात पलटणीचं जुनं कार्ड घावलं, तवा त्येला खाली उतरवलं आन् जीपमदी घालून नेलं. जाताना मला म्हनला, गाडीचा हँडब्रेक वढून ठेव रं."

आक्का एवढंच म्हणाली, "म्हंजी जित्तं हायती."

दाजींच्या तपासाचा अर्ज तिनं तेव्हाच लिहवून घेऊन सरकारकडं धाडला. दोन वर्षांनी नुकसानभरपाईचे अर्ज आले. पैसे इराककडून वसूल होऊन संयुक्त राष्ट्रसंघामार्फत मिळणार होते, पण अर्ज आपल्या सरकारच्या हातून जायचे. सांगलीच्या कचेरीत मी पहिल्याच दिवशी टेबलावर मूठ आपटली. "त्या सरकारनं आमचा माणूस नेला. तुमचं सरकार विचारायला का जात नाही?" समोरचा कारकून सौम्य माणूस होता. त्यानं पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला आणि मी दमेपर्यंत वाट पाहिली. मग हळू आवाजात म्हणाला, "बेपत्ता लिहिलंत, तर कागद वर्षानुवर्षं पडून राहील. मयत लिहा, दोन साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं जोडा. निकाल लागेल. तुमच्या बहिणीच्या भल्याचं सांगतोय."

तो खरंच भल्याचं सांगत होता. पण मला दिसला तो इसार. समोरचा देतोय तर घ्यावा, मागाहून तो हात आखडायचा.

साक्षीदार मी जुळवले. सही आक्काची लागणार होती. ती चौथी शिकलेली. सहीआधी तिनं साबणानं हात धुतले, पदराला पुसले.

"काय लिव्हलंय रं ह्यात?"

"दाजींचा तपास लावायचा अर्ज हाय, आक्का."

एकेक अक्षर कोरत तिनं सही केली. मयताच्या रकान्यात दाजी होते आणि खाली तिचं नाव.

पैसे आले तेव्हा मी पासबुक तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "नेलं तेनीच दिलं? मंग ठावठिकाणा बी घावला आसंल की." मी म्हशीकडं बघत बसलो. पासबुक तिनं दाजींच्या फौजी ट्रंकेत टाकलं. कुंकू लावायची ती लावतच राहिली. बायका बोलायच्या, तिकडं ती ध्यान द्यायची नाही.

काही वर्षांनी पेपरात वाचलं, की कुवेतमधून नेलेल्या माणसांच्या याद्या अजून होतायत, त्यांच्यासाठी देशादेशांच्या बैठका बसतायत. तो कारकून तोवर निवृत्त होऊन साताऱ्यात राहत होता. मी त्याच्या दारात गेलो. भांडायलाच गेलो होतो, पण त्यानं खुर्ची दिली. म्हणाला, "पकडलेला शिपाई असो की साधा माणूस, त्याचं नाव कळवणं पकडणाऱ्या देशावर बंधनकारक आहे. मेला असेल तर तेही, आणि कुठं पुरला तेही. तसा जगाचा कायदा आहे. फक्त मागणारं सरकार पाहिजे." दिल्लीला पाठवायचा अर्ज त्यानंच वळणदार अक्षरात लिहून दिला. शेवटी चष्मा काढून म्हणाला, "तेव्हा मी तुम्हाला तसं सांगायला नको होतं."

दिल्लीचं उत्तर आलं. चार ओळी. संबंधित इसम आपल्याच अर्जानुसार मयत असून भरपाई अदा झाली आहे, सबब चौकशीचा प्रश्न उद्भवत नाही.

इसार घेतला, सौदा संपला. माझाच नियम दिल्लीनं मला परत पाठवला होता.

ते पत्र घेऊन मी आक्काकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं नाही. खडे वेचता वेचता म्हणाली, "उपरण्याखाली माझा नवराच इकलास व्हय रं?"

मी उपरण्यानं डोळे पुसले.

"आता रडू नगंस. लय बोलता येतं न्हवं तुला बाजारात? तितं बोल जाऊन. मेलं आसत्याल तर मेलं म्हनू देत, पर कुटं ते सांगू देत. मी जाऊन माती बघंन."

ट्रंकेतलं पासबुक काढून तिनं माझ्यापुढं टाकलं. एक पैसा काढलेला नव्हता. "हे दे तेंचं तेन्ला."

म्हणून दिल्लीला हे लिहितोय. खोटा अर्ज मी केला. त्याची सजा मला द्या, पैसे परत घ्या, मी नाही म्हणणार नाही. पण माणूस बैल नव्हे. त्याचा इसार मी घेतला म्हणून त्याच्याबद्दल विचारायची तुमची जबाबदारी फिटत नाही. माझ्या खोट्या कागदाच्या आधी दोन वर्षं माझ्या बहिणीचा खरा कागद तुमच्याकडं पडून होता. चौकीवरून त्या जीपमधून दाजींना कुठं नेलं, हे त्या दोन वर्षांत कुणी विचारलं? कुणाला विचारलं? विचारलं नसेल, तर का नाही? आणि आता कधी विचारणार?

तोंडी नको. सही करून, लेखी उत्तर द्या. पत्ता आक्काचा घाला.