नॉर्बर्टची दारं

ती गाडी पहिल्यांदा अंगणात आली तेव्हा कॉनी श्टामेनला वाटलं, नवऱ्याने रस्त्यावर मेलेलं काहीतरी उचलून आणलंय. ट्रॉलीचा दोर सोडताच मागच्या मडगार्डाचा एक तुकडा गळून गवतावर पडला आणि त्याची पूड झाली. दुसऱ्या तुकड्याने पडण्याचेही कष्ट घेतले नाहीत, तो वाऱ्यानेच गेला. टपावर शेवाळ होतं. डिकीतून एक गलेलठ्ठ रॅकून सहकुटुंब बाहेर आला, त्याने नॉर्बर्टकडे कणवेने पाहिलं आणि जागा सोडली. गाडीला तळ असा नव्हताच. सीटवर बसल्याबसल्या खालचं गवत कापता आलं असतं.

“एकाहत्तर सालची प्लिमथ डस्टर,” नॉर्बर्ट म्हणाला. एवढा ओलावा त्याच्या आवाजात लग्नाच्या दिवशीही नव्हता. “आठ सिलिंडर.”

“इंजिन दिसत नाही ते.”

“खोक्यांत आहे.”

“किती खोकी?”

“सात,” नॉर्बर्ट म्हणाला. “म्हणजे सापडलीत सात.”

पश्चिम ओहायोत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरतात. बर्फ वितळतो आणि गाड्या लोणच्यासारख्या मुरतात. अल्टडॉर्फमधल्या अशा मुरलेल्या गाड्यांचे पत्रे नॉर्बर्टने एका डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात चाळीस वर्षं ठोकले. या चाळीस वर्षांत त्याने एकच गोष्ट मन लावून जोपासली होती, ती म्हणजे तुच्छता. नवीन गाड्या त्याच्या मते साबणाच्या वड्या होत्या. पुस्तक वाचून काम शिकणारे भामटे, व्हिडिओ पाहून शिकणारे महाभामटे. मोजपट्टी वापरणाऱ्याला जन्मतःच डोळे कमी दिलेले असतात, असं त्याचं शास्त्र होतं.

या शास्त्राची प्रवचनं दर शनिवारी संध्याकाळी कस्टर्डच्या टपरीमागच्या मैदानात होत. तिथे गावातले सगळे जुने गाडीवाले जमायचे. गाड्यांची बॉनेटं उघडायची, मागे घडीच्या खुर्च्या मांडायच्या, डुकराच्या मांसाचं सँडविच खायचं आणि अंधार पडला की घरी जायचं, एवढाच तो सोहळा. नॉर्बर्ट खिशात फ्रिजवरचा लोहचुंबक घेऊन हिंडायचा. कुणाच्याही गाडीला तो हळूच लावायचा. पत्र्याऐवजी आत पुटी भरलेली असली की चुंबक निसटतो. मग नॉर्बर्ट तो उचलायचा आणि नुकतंच जवळचं कुणी गेल्यासारखं मालकाच्या खांद्यावर थोपटायचा.

त्याचा खास राग गेलन पुथॉफवर. गेलन निवृत्त औषधवाला. त्याने स्वतः दुरुस्त केलेली निळी गाडी तो घरापासून दोन मैलांवरच्या मैदानात ट्रॉलीवर चढवून आणायचा आणि बाळाच्या लंगोटाच्या मऊ कापडाने पुसायचा. तिच्यावरून चुंबक कुठेही निसटला नाही, हा गेलनचा अक्षम्य गुन्हा. मग नॉर्बर्टने वाकून, एक डोळा मिटून, दार आणि चौकट यांतली फट खाली जरा जास्त आहे असं चारचौघांत जाहीर केलं. गेलनने नम्रपणे मान डोलावली, त्यामुळे नॉर्बर्ट अधिकच चिडला. माझी गाडी देव्हाऱ्यातली मूर्ती नसेल, त्याने तिथेच सांगून टाकलं. माझी गाडी रस्त्यावर पळेल, आणि शेजारच्या सीटवर कॉनी असेल.

ही बातमी कॉनीला कस्टर्ड खाताखाता कळली.

नॉर्बर्टच्या कुठल्याच दुरुस्त गाडीत ती बसत नसे. एकदाच बसली होती, त्याच्या जुन्या पिकअपमध्ये. चर्चच्या जेवणाला निघाले होते. पहिल्याच वळणावर दार आपोआप उघडलं आणि मांडीवरचं नूडल्सचं भांडं बाहेर गेलं. ती आत राहिली ते केवळ वजनामुळे, असं नॉर्बर्ट तेव्हा म्हणाला होता. यावर ते दोघे अडीच आठवडे बोलले नव्हते.

तरी ती हो म्हणाली. येत्या चौदा सप्टेंबरला लग्नाला चाळीस वर्षं होत होती. सरोवराकाठच्या खाणावळीत जेवायला त्याच गाडीतून जायचं, पण अट एक. “मी दारातून आत बसणार, आणि दार बंद होणार. दोरीने नाही.” नॉर्बर्टने छातीवर हात ठेवला. एरवी कशाचीच फिकीर नसलेला हा माणूस त्या दिवसापासून कॅलेंडरकडे बघू लागला. ती शेजारी बसावी, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते तिला सांगायची त्याची छाती नव्हती.

आता या गाड्यांना वेगळी चासी नसते. तळ, दाराखालच्या पोकळ पट्ट्या आणि टप हे एकमेकांना धरून असतात. तळ आणि पट्ट्या कापायच्या असतील तर आधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवेतिडवे जोडून सांगाडा बांधून घ्यायचा, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. नॉर्बर्टचं म्हणणं, अँगल शिकाऊ लोक लावतात. माप डोळ्यात असतं. त्याने गाडी पुढून आणि मागून टेकूंवर चढवली, दारं काढून भिंतीला लावली आणि दोन्ही बाजूंनी गंज कापून काढला. त्याबरोबर गाडीने मध्येच कंबर टाकली, फार नाही, अर्धं बोट. त्या अर्ध्या बोटासकट नॉर्बर्टने नवा पत्रा वेल्ड केला, आणि काम इतकं सुबक, इतकं मजबूत केलं की ती चूक आता शंभर वर्षं टिकली असती.

मे महिन्यात दारं बसवायला घेतली. वर घासत होती, खाली फट इतकी की मांजर जाईल. तीन दिवस त्याने दारं ठोकली. चौथ्या दिवशी गॅरेजमधून वेल्डिंगचा निळा उजेड आला, आणि जेवताना त्याने कॉनीला सहज सांगितलं की शर्यतीच्या गाड्यांना उघडणारी दारं नसतातच. ती कायमची जोडलेली असतात आणि चालक खिडकीतून जातो.

“तू शर्यतीत जाणार आहेस?”

“तत्त्वाचा प्रश्न आहे,” नॉर्बर्ट म्हणाला.

त्या शनिवारी सदुसष्ट वर्षांचा आणि सव्वाशे किलोंचा नॉर्बर्ट श्टामेन खिडकीतून पाय आधी घालून गाडीत शिरला. सात खोक्यांतून जोडलेलं इंजिन मात्र गरजलं, त्यात वाद नाही. मैदानात टाळ्या पडल्या. तत्त्व किती महत्त्वाचं आहे हे त्याने बाहेर येतायेता सांगितलं, आणि बाहेर यायला वेळ लागल्यामुळे पुष्कळच सांगितलं. उन्हाळाभर हेच चाललं. डावा गुडघा सुजला, तो पँटखाली झाकला. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तो कमरेपाशी अडकला. दोघांनी काखेत हात घालून ओढलं, तिसऱ्याने पलीकडच्या खिडकीतून हात घालून बूट सोडवला. तो तिसरा गेलन होता. त्याने बूट झटकून नॉर्बर्टच्या हातात दिला आणि वाकून दाराच्या फटीकडे एकदा पाहिलं. नॉर्बर्टला त्या एका नजरेने रात्रभर झोप आली नाही.

सकाळी कॉनीने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. “खाणावळीत टेबल मी माझ्या नावावर घेतलंय, नॉर्ब. दार उघडलं तर दोघांचं. नाही उघडलं तर मी माझ्या गाडीने जाईन आणि तुझा मासापण मीच खाईन.”

नॉर्बर्ट दोन तास अंगणात उगाच हिंडला. मग आयुष्यात पहिल्यांदा गेलनच्या गॅरेजच्या दारात जाऊन उभा राहिला. तिथली जमीन कॉनीच्या ओट्यापेक्षा स्वच्छ होती, याचाही त्याला राग आला.

गेलनने एकच विचारलं. “अँगल लावले होतेस?”

“अँगल शिकाऊ लोक लावतात.”

“मी शिकाऊच होतो,” गेलन म्हणाला. “म्हणून लावले.”

नॉर्बर्टने टोपी काढली, पुन्हा घातली आणि येशील का, असं जमिनीला विचारलं. गेलन अँगल, जॅक आणि मोजपट्टी घेऊन आला. नॉर्बर्टने केलेलं सुबक वेल्डिंग दोघांनी कापलं. ते इतकं पक्कं होतं की चार दिवस गेले. मग मधोमध जॅक लावून कंबर केसाकेसाने वर उचलली. प्रत्येक केसाला गेलन माप घ्यायचा आणि नॉर्बर्ट तोंड फिरवायचा. पण आकडा तो दर वेळी विचारायचा, हे कॉनीने स्वयंपाकघरातून ऐकलं.

चौदा तारखेला कॉनीने दार उघडलं, बसली आणि ओढून घेतलं. धप्प आवाज झाला. तिने पुन्हा उघडून पुन्हा लावलं. नॉर्बर्ट स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत होता, नाक लाल झालेलं.

गाडीत बोलणं अशक्य होतं, हा तिचा मोठाच गुण निघाला. सरोवराच्या लांब सरळ रस्त्यावर त्याने तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, कॉनीचं डोकं मागे आपटलं, आणि चाळीस वर्षांत नवऱ्याच्या एकाही विनोदाला न हसलेली ही बाई मोठ्याने हसली. परत निघताना तिने हात पुढे केला. “किल्ली दे.” बापाचा धान्याचा ट्रक ती चौदाव्या वर्षी चालवत होती. नॉर्बर्टने किल्ली दिली, शिवाय गिअर कसे टाकायचे ते सांगू लागला, आणि इंजिन सुरू झाल्यामुळे ते कुणालाच ऐकू आलं नाही.

डिसेंबरात नॉर्बर्टचा डावा गुडघा बदलावा लागला. नव्या गुडघ्याने तेवढा जड क्लच दाबू नये असं डॉक्टरांनी सांगितलं. रस्त्यांवरचं मीठ धुतलं गेल्यापासून गाडी कॉनी चालवते, शेजारी बसून गिअर सांगणारा नवरा घरी ठेवून, एकटीच.