गेटपर्यंत दिसणारा दत्तारामचा चॅनेल

तुमच्या टीव्हीवर किती चॅनेल लागतात? आठशे? त्यातल्या एकावर तरी तुमच्या शेजाऱ्याचं तोंड दिसतं का? नाही ना? मग उगाच ऐट करू नका. इथे आखातात, अस्करच्या एका लेबर कॅम्पात आमचा चॅनेल आहे. पल्ला तीन इमारतींचा, गेटबाहेर मफी, काहीच नाही!

तो चालवतो दत्ताराम, देवगडकडचा इलेक्ट्रिशियन. करोनाच्या वर्षी मेसमध्ये जमायला बंदी आली, तेव्हा गणपतीची आरती खोल्याखोल्यांत पोचवायची म्हणून ह्या गड्याने मनामाच्या बाजारातून जुना कॅमेरा आणला, चित्र केबलवर चढवणारा एक डबा जोडला आणि गच्चीवरच्या डिशच्या केबलमध्ये आपली वायर घुसवली. बंदी उठली, चॅनेल राहिला. आज मेसमध्ये काय शिजलंय, कोण सुट्टीवर निघालाय, कोणाला मुलगी झाली, सगळं त्यावर. फोन सगळ्यांकडे आहेत हो, पण एका फोनभोवती आठ माणसं बसून हसत नाहीत.

गेल्या गणपतीत कॅम्पचे नवे मॅनेजर, पुण्याचे प्रवीणसाहेब, लोंबकळणारी वायर बघून भडकले. "कोणाच्या परवानगीने? आजची आरती दाखव आणि काढून टाक. खलास!"

दत्तारामचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "भांडू या." तो म्हणाला, "आधी देवाक सांगतंय."

आरती झाली. मग आमच्याकडचं गाऱ्हाणं, म्हणजे देवाकडे मोठ्याने मागणं. ते घरचं, ते दाखवायचं नसतं, म्हणून त्याने कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. माइक मात्र तसाच राहिला! टीव्हीवर काळोख, आणि काळोखातून दत्तारामचा आवाज:

"बा देवा म्हाराजा, दोन नंबर बिल्डिंगीतलो पाण्याचो कूलर बिघडलोहा, तो दुरुस्त होवंदे रे म्हाराजा!"

मेसमध्ये आम्ही मोजके लोक म्हणालो, "होय म्हाराजा!"

"आणि ह्यो चॅनेल बंद करूचा ज्येंच्या मनात आसा, त्येंका सुबुद्धी दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" ह्या वेळी तिन्ही इमारतींच्या खिडक्यांतून गर्जना आली. त्यात बिहारी होते, मल्याळी होते. अर्थ कळला की नाही देव जाणे, सूर बरोबर लागला. दत्ताराम माइककडे बघतच राहिला.

दारात प्रवीणसाहेब. चॅनेल बंद झाला का बघायला ऑफिसातला टीव्ही लावून बसले होते.

"दत्ताराम, थेट देवाकडे माझी तक्रार?"

"साहेब, नाव खंय घेतलंय?"

"घ्यायचं राहिलं काय? इथे चॅनेल बंद करणारा मी एकटाच!" आणि साहेबांना हसू फुटलं. दत्तारामने हातावर मोदक ठेवला तसे म्हणाले, "कूलर उद्या बसेल. वायर पाइपातून नीट घे, मग राहू दे. पण गाऱ्हाण्याला माइक बंद."

"आता तर चालूच ठेवतलंय," दत्ताराम माझ्या कानात पुटपुटला.

वायर पाइपात गेली, चॅनेल वाचला. पण कॅमेरा म्हातारा झालाय, यंदा गणपती धुक्यात बसल्यासारखा दिसेल. शहरातल्या फ्लॅटांत राहणाऱ्या ईसा टाउनवाल्यांनो, सीफवाल्यांनो, पोरांचे वाढदिवस टिपून तुमच्या कपाटात पडलेला व्हिडिओ कॅमेरा काढा. यल्ला, अस्करला घेऊन या आणि गेटवर दत्तारामचं नाव सांगा.