अक्का महिनाभर चाललीच नव्हती

मंडळी, आपल्या चालण्याच्या ग्रुपवर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी लिहिणारी गडहिंग्लजची अक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. आम्हा दोघांनाही शुगर. "पाऊण तास चालून आले, तू उठलास का?" हे तिचं वाचल्यावरच मी बूट घालायचो.

आज सकाळी न कळवता एसटीनं तिच्याकडं गेलतो. अक्का कॉटवर, पायाला बँडेज, शेजारी कॉम्प्युटर.

तिची सून म्हणाली, "मामा, महिना झाला, जखम भरंना. दाराबाहेरबी गेल्या न्हाईत."

"मग रोज लिहीत होतीस ते?" मी अक्काला विचारलं.

"मी थांबले म्हटलं असतं, तर तूबी थांबला असतास की."

तिला गाडीनं कोल्हापूरला आणलं. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं, आता पायाचं एक बोट काढावं लागेल.

माझी शुगर उतरलीय, पण त्याचा आनंद होत नाही. तिनं मला फसवलं, हेच डोक्यात बसलंय.

तुमच्यापैकी आणखी कुणी न चालताच लिहितंय का? आजच सांगा. मी रागावणार नाही, असं मात्र म्हणवत नाही.